हास्केलचे टपल: देखणे, पण एकांगी

हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतील टपलची, म्हणजे ठरावीक संख्येची मूल्ये कंसात एकत्र बांधणाऱ्या रचनेची, पहिली छाप उत्तम पडते, कारण त्याच्या लेखनपद्धतीत विलक्षण एकसूत्रता आहे. कंसात नुसता स्वल्पविराम, म्हणजे (,) असे लिहिले की दोन मूल्यांची जोडी बनवणारे फंक्शन मिळते, आणि तेच चिन्ह टाइपच्या (मूल्याच्या प्रकाराच्या) जागी लिहिले की दोन टाइप घेऊन त्यांच्या जोडीचा टाइप देणारा टाइप कन्स्ट्रक्टर मिळतो. त्याला दोनांऐवजी एकच टाइप दिला, तरी ते वैध असते.

खरी परीक्षा या अर्धवट वापरातच होते. फंक्टर (आतील मूल्यांवर फंक्शन चालवू देणारा), फोल्डेबल (आतील मूल्यांचा एकत्रित हिशेब करू देणारा) यांसारख्या टाइपक्लासना, म्हणजे समान क्रिया पुरवणाऱ्या टाइपांच्या गटांना, एकच टाइप घेणारा कन्स्ट्रक्टर लागतो, आणि टाइप डावीकडूनच द्यावे लागत असल्यामुळे जोडीतील पहिल्या घटकाचा टाइप आधीच ठरून जातो. परिणामी फंक्टरचे एफमॅप केवळ दुसऱ्या घटकावर चालते, (३, ४) या जोडीची लेंग्थ (घटकसंख्या) १ आणि सम (बेरीज) ४ येते, तर (१०, २) चे मॅक्सिमम (सर्वांत मोठे मूल्य) चक्क २ निघते. नियमांच्या दृष्टीने यात काहीच चुकीचे नाही. परंतु २०१५ साली जीएचसी या हास्केल कंपायलरच्या ७.१० आवृत्तीत लेंग्थसारखी ही फंक्शने प्रिल्यूडमध्येच (आपोआप उपलब्ध असणाऱ्या मूळ मॉड्यूलमध्ये) सर्व फोल्डेबल टाइपांसाठी खुली झाल्यापासून, यादीच्या जागी चुकून जोडी दिली गेली तरी कंपायलर बहुधा हूं की चूं करत नाही. काटेकोर टाइप-तपासणीसाठी ख्याती असलेल्या भाषेत ही मोकळीक खटकते. त्याच आवृत्तीपासून बेस या मूळ लायब्ररीत असलेले बायफंक्टर (दोन्ही घटकांवर फंक्शन चालवू देणारा टाइपक्लास) मला अधिक पटते, कारण त्यातील बायमॅप लिहिले की कोणत्या घटकावर कोणते फंक्शन चालणार हे वाचणाऱ्याला लगेच दिसते.

ॲप्लिकेटिव्ह या, गणना एकमेकींना जोडू देणाऱ्या टाइपक्लाससाठी जोडीचा पहिला घटक मोनॉइड (ज्याची मूल्ये एकमेकांना जोडता येतात आणि ज्यात रिकामे मूल्यही असते असा टाइप) असावा लागतो, आणि ही अट मात्र फलदायी आहे: त्या जागी नोंदींची यादी ठेवली, तर गणनेच्या प्रत्येक टप्प्यावरील नोंदी आपोआप एकमेकींना जोडल्या जातात.

मोठ्या टपलांविषयी फारसे चांगले लिहिता येत नाही. हास्केल २०१० च्या मानकानुसार १५ घटकांपर्यंतची टपले आणि त्यांच्यासाठी समानता, क्रम, शो (मूल्य मजकूररूपात दाखवणे) यांची सोय आवश्यक आहे, तर जीएचसी ६४ घटकांपर्यंत जाऊ देतो. पण प्रत्येक आकाराचा टाइप कन्स्ट्रक्टर स्वतंत्र असल्याने पहिला आणि दुसरा घटक काढून देणारी एफएसटी आणि एसएनडी ही फंक्शने जोडीपुरतीच चालतात. फंक्शनमधून दोन उत्तरे परत करायची असतील, तर टपल निःशंकपणे वापरावे. तीनपेक्षा अधिक घटक असल्यास घटकांना नावे देऊन रेकॉर्ड (नावे असलेल्या घटकांचा टाइप) लिहावे. त्याला शो आणि समानता मिळवून द्यायला डिरायव्हिंगची (कंपायलरकडून ही सोय आपोआप तयार करून घेण्याची) एक ओळ पुरते.