ग्लेंडेलचा अपघात-वकील: वकील बदलल्यानंतरचा अनुभव

आमच्या घरात आर्मेनियन चालते. सासरची मंडळी इराणमधून कॅलिफोर्नियात ग्लेंडेलला आलेली, मी पुण्याची. सासूबाईंना क्रॉसवॉकवर गाडीने उडवलं, खुब्याचं हाड मोडलं आणि वकील शोधणं आलं. भरपाईचे पैसे मिळाले तरच त्यातून टक्क्यांनी वकिलाची फी, हे इथे सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही.

पहिलं ऑफिस निवडलं ते भाषेवर. फोन उचलणारी मुलगी सासूबाईंसारखीच पूर्व आर्मेनियन बोलायची. त्या तिच्याशी बोलल्या की शांत झोपायच्या. तेव्हा मी पाचपैकी पाच तारे दिले असते. आता दोन.

कारण तो फीचा करार. सगळं बोलणं आर्मेनियनमध्ये, सही मात्र इंग्रजी कागदावर. स्पॅनिश, चिनी, टागालोग, व्हिएतनामी किंवा कोरियनमध्ये बोलणी झाली, तर इथल्या सिव्हिल कोडच्या कलम १६३२ प्रमाणे वकिलालाही सहीआधी कराराचं भाषांतर द्यावं लागतं. त्या यादीत आर्मेनियन नाही. ज्या गावात आर्ट्साख अव्हेन्यू असा आर्मेनियन नावाचा रस्ता आहे, तिथल्या आजीलाही हा हक्क नाही, याचा मला अजून संताप येतो.

तोंडी सांगितलं होतं: ३३⅓ टक्के, कोर्टात दावा लावावा लागला तर ४०. हे टक्के केसचा खर्च वजा करण्याआधीच्या रकमेवर, ते मात्र कोणी बोललं नाही. ड्रायव्हरचा विमा किमान रकमेचा, म्हणजे माणशी ३०,००० डॉलर (२०२५ च्या आधी ही मर्यादा १५,००० होती). खर्च १,५०० धरा. आधी टक्के काढले तर फी १०,०००, खर्च वजा करून काढले तर ९,५००. पाचशे डॉलर कोणाला फुकट आलेत? टक्केवारी कायद्याने ठरलेली नसते, ती बोलून ठरवता येते, हे वाक्य करारात असावंच लागतं. आमच्याही करारात होतं, इंग्रजीत.

मग ती मुलगी नोकरी सोडून गेली. वकीलसाहेबांचं दर्शन आधीही नव्हतंच. फोन करावा तर निरोप ठेवा.

वकील बदलला तर दोन फी पडतील, ही सासऱ्यांची भीती. तसं नसतं. इथे अशील वकिलाला केव्हाही काढू शकतो. जुन्याला केलेल्या कामाचा वाजवी मोबदला मिळतो, तोही पैसे हाती आल्यावर. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९७२ मध्येच ठरवलंय. सहसा एकाच फीची वाटणी होते. नव्या वकिलाकडून तसं लिहून घ्या, आम्ही घेतलं.

नव्या बाईंना आर्मेनियन येत नाही. पण त्यांनी फोनवर दुभाषी बसवून करार कलम-कलम वाचून दाखवला, टक्केही खर्च वजा करून लावले. माझी मुलगी आजीसाठी दुभाषी व्हायला निघाली, तर स्पष्ट नाही म्हणाल्या: आजी नातीसमोर दुखणं लपवेल. खरंच लपवत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या की रात्री बाथरूमला जायची भीती वाटते म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत.

म्हणून आता कोणी विचारलं तर आर्मेनियन कोण बोलतं हे दुसऱ्या नंबरवर ठेवते. आधी विचारा, फाइल नक्की कोण बघणार. वकिलांची नोंद ठेवणाऱ्या स्टेट बारच्या साइटवर त्या वकिलाचं नाव तपासा. दावा लावायची मुदत साधारण दोन वर्षं, पण धडक शहराच्या बसची असेल तर आधी सहा महिन्यांत क्लेम टाकावा लागतो, तिथे थांबू नका.

केस अजून मिटलेली नाही, मेडी-कॅल, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा इथला सरकारी आरोग्य विमा, उपचारांचे पैसे भरपाईतून परत मागतो, त्याचा हिस्सा किती कापला जाईल यावर बोलणी चालू आहेत. नव्या बाईंना चार तारे. एक कापला, कारण पार्किंगचे पैसे दर वेळी आपल्याच खिशातून जातात.