जळगावात एमपीएससी क्लासचा डेमो, सर भारी पण पंखा बंद
बसस्टँडजवळ डेमो लेक्चरला बसलो, मे महिन्यातलं जळगावचं ऊन अन् पंखा बंद, पण सर काय भारी शिकवता भो. अमेरिकेतल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची केस घेतली, 25 मे 2020, मिनियापोलिस, पोलिसाचा गुडघा मानेवर नऊ मिनिटांच्या वर, त्यातच तो गेला. दुसऱ्याच दिवशी चारही पोलीस नोकरीवरून काढले, मग कौन्सिलमधले बरेचसे नगरसेवक जोशात म्हणे हे पोलीस खातंच मोडू, अन् 2021 ला मतदारांनीच तो प्रस्ताव पाडला! तिथून सर थेट आपल्या सुप्रीम कोर्टाच्या पोलीस सुधारणांवरच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालावर, पोलीस तक्रार प्राधिकरणावर आले, असं जोडून कोणीच शिकवत नाही. फी जास्त, झेरॉक्सचे पैसे वेगळे. चार स्टार.