मनाच्या आजाराच्या गोळ्या ऑनलाइन : 14 महिन्यांचा अनुभव

आम्ही दोघं भावंडं मनाच्या आजाराची औषधं घेतो. मी डेसव्हेन्लाफॅक्सिन 50 ही डिप्रेशनची गोळी घेते, दोन वर्षं होत आली. धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन टोकाचं चढतं-उतरतं तो आजार. तो दिवसाला लिथियमच्या 400 एसआरच्या (सावकाश सुटणाऱ्या) दोन गोळ्या आणि रात्री ओलान्झापिन घेतो, अकरा वर्षांपासून. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, तो आईबरोबर पंचवटीत हिरावाडीला. गेले 14 महिने दोघांच्याही गोळ्या मी फोनवरच्या औषधांच्या अॅपवरून मागवते. आधी मला कुणीतरी सांगायला हवं होतं असं बरंच काही या काळात कळलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवात का केली ते आधी सांगते. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याशी माझं भांडण नाही, माणूस चांगला आहे. पण एका संध्याकाळी गर्दीत त्यानं मागच्या पोऱ्याला आवाज दिला, "अरे, ताईंची ती डिप्रेशनची काढ रे." माझ्या मागे मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणीची आई उभी होती. तिनं काहीच विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. पुढचे दोन महिने मी ऑफिसातून परतताना सातपूरच्या एका अनोळखी दुकानातून गोळ्या घ्यायचे. शिवाय भावाचं लिथियम कुठेच हमखास मिळत नव्हतं. "उद्या या, गोळे कॉलनीतून मागवून ठेवतो" हे वाक्य मी इतक्या दुकानांत ऐकलंय की शेवटी मी स्वतःच गोळे कॉलनीत जायला लागले. नाशिककरांना माहीत आहे, औषधांचा घाऊक बाजार तिथला, पण शनिवारी दुपारी तिथे गाडी लावणं म्हणजे अर्धा दिवस गेलाच.

अॅपवर दोन्ही त्रास एका झटक्यात संपले. लिथियम नेहमी उपलब्ध, दोन-तीन दिवसांत घरपोच, छापील किमतीवर 15 ते 20 टक्के सूट. पहिल्या दोन महिन्यांत मी चार जणींना तरी सांगितलं असेल, की बायांनो, हेच वापरा.

तिसऱ्या महिन्यात जुलै आला. माझ्या तीन गोळ्या उरल्या होत्या तेव्हा मी ऑर्डर टाकली, कारण तोवर कधी तीन दिवसांवर गेलंच नव्हतं. त्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, पूर तिच्यावरून मोजतात) कमरेपर्यंत गोदावरी आली, आणि माझं पार्सल 'डिलिव्हरीसाठी निघाले' या एका ओळीवर तीन दिवस अडकून बसलं. दोन गोळ्या चुकल्या. ज्यांनी हे औषध घेतलेलं नाही त्यांना 'दोन गोळ्या चुकल्या तर काय होतं' असं वाटेल. या गोळीचा अर्धा अंश साधारण 11 तासांत शरीरातून निघून जातो, त्यामुळे चुकलेला डोस लवकर जाणवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुंबई नाक्यावर सिग्नलला उभी होते. डावीकडून येणारी बस बघायला डोळे वळवले आणि डोक्यात वीज चमकून गेल्यासारखं झालं. पुन्हा वळवले, पुन्हा तेच. मळमळ, घाम, आणि रडू येईल की काय अशी अवस्था. मी गाडी बाजूला लावली आणि नवऱ्याला फोन केला. त्यानं कोपऱ्यावरच्या त्याच मेडिकलमधून एक स्ट्रिप आणली. दुसऱ्या दिवशी मी ठीक होते.

त्या दिवसापासून माझा नियम पक्का आहे: हातात 10 गोळ्या उरल्या की ऑर्डर. अॅप आठवण करून देतं, पण ते मागच्या ऑर्डरच्या तारखेवरून मोजतं. गोळी किती राहिली हे त्याला ठाऊक नसतं. डब्यातली शेवटची स्ट्रिप मी रबर लावून वेगळी ठेवते. तिला हात लावायची वेळ आली की ऑर्डर टाकायची, एवढं सोपं.

आता मुख्य गोष्ट. ती चिठ्ठीची आहे.

डॉक्टरांची चिठ्ठी फोटो काढून चढवायची असते. चिठ्ठी नसेल किंवा जुनी असेल तर अॅप म्हणतं, काळजी करू नका, आमचे डॉक्टर तुम्हाला फोन करतील, मोफत. मी ते पहिल्यांदा वापरलं तेव्हा मला ती मोठी सोय वाटली. फोन आला, पलीकडे एक तरुण आवाज. नाव, वय, "हेच औषध चालू आहे ना? काही त्रास नाही ना?" दीड-दोन मिनिटं. लगेच नव्या चिठ्ठीची पीडीएफ. मला कधीही न पाहिलेल्या डॉक्टरच्या सहीनं माझं औषध पुढे चालू.

भावासाठीही तेच केलं. त्याचा हंगाम सुरू झाला होता. तो दिंडोरीकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे, फेब्रुवारी ते एप्रिल त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. ऑक्टोबरनंतर तो त्याच्या डॉक्टरांकडे गेलाच नव्हता. मी म्हटलं, जाऊ दे, गोळ्या तर चालू आहेत. फोन त्याच्या नावानं आला, उत्तरं मी दिली. कुणी विचारलं नाही की तुम्ही कोण. शेवटची लिथियम लेव्हल (रक्तातली पातळी) कधी केली, हेही कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये क्रेट उचलून त्याची पाठ धरली. मला म्हणाला, "ताई, त्यातच एखादी दुखण्याची गोळी पण टाक ना." मी आयबुप्रोफेन असलेली गोळी लिथियमसोबतच मागवली. एकाच पिशवीत दोन्ही आली, एकाच बिलावर, एकाखाली एक.

लिथियमबद्दल मला आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असायला हवं होतं. लिथियम किडनीवाटे बाहेर पडतं. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या ते बाहेर पडणं कमी करतात, म्हणजे डोस तोच राहिला तरी रक्तातलं लिथियम वाढतं. उन्हात घाम जाऊन पाणी कमी पडलं तरी वाढतं. जेवणातलं मीठ एकदम कमी केलं तरी वाढतं. आणि आमच्याकडे त्याच सुमारास आईचं बीपी वाढलं म्हणून घरातली भाजी-आमटी अळणी व्हायला लागली होती. तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात. उपयोगी पातळी आणि घातक पातळी यांच्यातलं अंतर या औषधात फार थोडं असतं, म्हणूनच त्याची रक्तातली पातळी ठरावीक काळानं मोजावी लागते. सोबत किडनीचं क्रिएटिनिन आणि थायरॉइडही बघतात.

गुढीपाडव्याच्या दिवशी मी हिरावाडीला गेले होते. आईनं चहा दिला. भावानं कपबशी हातात घेतली आणि कप बशीवर वाजायला लागला. कडकड, कडकड. चहा बशीत सांडला. तो म्हणाला, रात्रभर काम झालंय. लिथियमवर हात थोडा थरथरतो हे आम्हाला जुनं होतं, पण ते बारीक थरथरणं वेगळं आणि हे वेगळं. मी विचारलं, पोट कसं आहे? म्हणाला, तीन दिवस जुलाब आहेत, बाहेरचं खाणं झालं असेल. चालतानाही तो जरा झोकांडत होता. मी तिथूनच त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तीन प्रश्न विचारले आणि तिसरा होता, "दुखण्याची कुठली गोळी चालू आहे का?"

लेव्हल 1.4 आली. एरवी त्याची 0.7 च्या आसपास असते. डॉक्टरांनी लिथियम थांबवायला सांगितलं, दुखण्याची गोळी बंद केली, किडनीची तपासणी करून घेतली, पाणी आणि नेहमीइतकं मीठ सुरू करायला लावलं. काही दिवसांनी लेव्हल खाली आल्यावर औषध पुन्हा चालू केलं. ऊन आणखी चढल्यावर हे झालं असतं तर, हा विचार मला अजूनही झोपू देत नाही. (असं काही दिसलं तर स्वतःच्या मनानं गोळी कमी-जास्त करू नका. थेट डॉक्टरांना गाठा, ते नसतील तर हॉस्पिटल गाठा.)

मी हा दोष सगळा अॅपवर टाकत नाही. ती पिशवी मी मागवली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदारानंही कदाचित विचारलं नसतं. पण पूर्वी गोळ्या संपल्या की चिठ्ठी संपायची, चिठ्ठी संपली की डॉक्टरांकडे जावं लागायचं, आणि डॉक्टर त्याचा हात बघायचे. त्या कटकटीतच त्याची तपासणी होत होती. मी कटकट काढून टाकली आणि सोबत तपासणीही गेली. पाच महिने सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. अॅपच्या डॉक्टरचा फोन कायमचा बंद, चिठ्ठी फक्त आपल्या डॉक्टरांची. त्यासाठी एक गोष्ट फार उपयोगी पडली. औषध नियमांप्रमाणे शेड्यूल एच आणि एच1 या, चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या याद्यांमधल्या औषधांची चिठ्ठी एकदाच वापरायची असते, डॉक्टरांनी तीवर पुन्हा द्यायला सांगितलं असेल तरच पुन्हा. म्हणून मी दोघांच्याही डॉक्टरांना विनंती केली की चिठ्ठीवरच लिहा: दर महिन्याला एकदा, एकूण 3 वेळा. आता तीन महिने निर्धास्त, आणि चौथ्या महिन्यात आपोआप डॉक्टरांची पायरी. भावाच्या चिठ्ठीवर त्यांनी खाली लिहून दिलंय: पुढच्या वेळी लेव्हल, क्रिएटिनिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) घेऊन या. माझे डॉक्टर गंगापूर रोडला बसतात. मी एकदा क्लिनिकमध्ये जाते, एकदा व्हिडिओवर बोलते. 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनची (फोन-व्हिडिओवरून उपचारांची) मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात असं चालू औषध पुढे लिहून द्यायची मुभा आहे. व्हिडिओवर फी लागते, मोफत नसते. पण ते मला ओळखतात. मागच्या वेळी माझा चेहरा बघून म्हणाले, "झोप कमी झालीये का?" झाली होती.

अल्प्राझोलाम या घबराटीवरच्या गोळीबद्दलही सांगायला हवं. सुरुवातीच्या काळात मला डॉक्टरांनी 0.25 च्या थोड्या गोळ्या दिल्या होत्या. मी वापरते त्या अॅपवर ती मिळत नाही, तेव्हा मला राग आला होता. ते औषध शेड्यूल एच1 मध्ये आहे. दुकानदाराला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावं लागतं. शिवाय ते एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही येतं आणि ते फोनवरून लिहून द्यायला त्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई आहे. सवय लागणारी गोळी आहे ती. भावाच्या प्रसंगानंतर मला वाटतं, निदान एका दारावर तरी कुणी उभं आहे हे बरंच आहे.

बाकी लहानसहान गोष्टी. खासगीपणाची अपेक्षा फार ठेवू नका. बिल पाकिटाच्या बाहेर चिकटवलेलं येतं, त्यावर औषधाचं नाव ठळक. आमचे वॉचमनकाका पाकीट हातात देताना डोळे बिलावरून फिरवतात, वाईट हेतूनं नाही, पण फिरवतात. मी आता डिलिव्हरी ऑफिसच्या वेळेत ठेवत नाही, घरी असताना स्वतः घेते. फोनवरच्या सूचनाही बंद केल्या, कारण एकदा मीटिंगमध्ये टेबलावर ठेवलेल्या फोनवर माझ्या गोळीचं नाव झळकलं होतं.

'हेच औषध स्वस्तात' असा पर्याय येतो, तो मनाच्या औषधांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाबू नका. लिथियममध्ये साधी 300 आणि एसआर 400 या दोन वेगळ्या गोळ्या आहेत, एसआर शरीरात सावकाश सुटते. माझीही गोळी तशीच, म्हणून ती तोडून किंवा चावून घ्यायची नसते. कापलेली स्ट्रिप आली आणि तिच्यावर बॅच नंबर, तारीख नसेल तर मी परत करते. दोनदा केली, दोन्ही वेळा पैसे आले.

पैशाचं म्हणाल तर वर्षभरात सूट मिळाली खरी. ज्यांना तेवढंही परवडत नाही त्यांनी जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. आणि गोळ्या हातात असूनही एखादी रात्र सरत नसेल तर 14416 हा टेलि-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात एका रात्री मी स्वतः लावला होता. पलीकडच्या बाईंनी मला घाई केली नाही.

अॅप मी सोडलेलं नाही. लिथियम वेळेवर मिळणं ही आमच्या घरात फार मोठी गोष्ट आहे. फक्त ऑर्डर टाकण्याआधी मी हिरावाडीला व्हिडिओ कॉल करते आणि भावाला म्हणते, हात पुढे कर. तो हसतो, पण दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरतो. मंगळवारी त्यानं रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त दिलं. काल रिपोर्ट आला, 0.7. आज सकाळी त्याच्या दोन स्ट्रिप शिल्लक असताना मी ऑर्डर टाकली.