विनिपेगच्या थंडीसाठी नाशिकात घेतलेले जॅकेट

शिक्षणासाठी कॅनडाला निघालेल्या मुलामुलींच्या घरी जून-जुलैमध्ये व्हिसा आणि फी यांच्या जोडीला थंडीच्या कपड्यांची काळजी सुरू होते. याच काळजीवर धंदा करणाऱ्या एका विक्रेत्याने आमची आणि आमच्या ओळखीतील आणखी दोन कुटुंबांची फसवणूक केली. त्याची पद्धत यंदा जाणाऱ्यांना आधीच ठाऊक असावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

आमच्या मुलीला विनिपेगच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरला आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या की नाशिककर थंडीची चर्चा आठवडाभर करतात. विनिपेगमध्ये मात्र जानेवारीतील दिवसरात्रीचे सरासरी तापमानच उणे १६ अंशांच्या आसपास असते. त्यात वारा असला तर हिशेब आणखी बदलतो. उणे २० अंश तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर अंगाला ती थंडी उणे ३३ इतकी जाणवते आणि अशा हवेत उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. ही माहिती खरीच आहे, आणि विक्रेत्याने तीच आम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवली. त्याच्या बोलण्यातील ऐंशी टक्के भाग खरा होता, म्हणूनच उरलेल्या वीस टक्क्यांवर शंका घ्यायला जागा राहिली नाही.

कॉलेज रोड परिसरातील एक छोटा हॉल चार दिवसांसाठी भाड्याने घेऊन त्याने परदेशी जाणाऱ्यांसाठी हिवाळी साहित्याचे प्रदर्शन मांडले होते, आणि त्याचे निमंत्रण विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत होते. हॉलमध्ये टांगलेली नमुन्याची जॅकेटे अस्सल होती. बदकाच्या पोटावरील मऊ पिसे भरलेल्या डाउन जॅकेटची परीक्षा कशी करावी, हेही तो स्वतःच शिकवत असे: मुठीत दाबून सोडले की ते लगेच फुगले पाहिजे, वजनाला हलके लागले पाहिजे, आणि शिवणीतून एखादे बारीक पीस डोकावले तर घाबरू नये, उलट ती खऱ्या मालाची खूण समजावी. मुलीने जॅकेट अंगात घालून पाहिले, दाबून पाहिले, आणि ते प्रत्येक कसोटीला उतरले. जॅकेटचे १४,५०० रुपये, बर्फात चालायच्या बुटांचे ४,२०० आणि लोकरी म्हणून दिलेल्या थर्मलच्या दोन जोड्यांचे पैसे वेगळे, असा व्यवहार ठरला.

खरी हातचलाखी यानंतर होती. तिच्या मापाचे ‘नवे कोरे’ जॅकेट आतल्या खोलीतून आले, ते हवा काढून पापडासारख्या चपट्या केलेल्या बंद पिशवीत. “काका, ही पिशवी तिकडे गेल्यावरच उघडा, इथे उघडलीत तर पुन्हा एवढी दबणार नाही आणि बॅग २३ किलोंत बसली तरी तिचे झाकण लागणार नाही,” असे त्याने सांगितले. विमानाच्या सामानाच्या चिंतेत असलेल्या कोणत्याही पालकाला हा सल्ला आपुलकीचाच वाटेल. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर गेले, आणि पक्के बिल ईमेलने येईल असे सांगून त्याने हातात कच्ची पावती दिली.

मुलगी ऑगस्टमध्ये गेली. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडे साध्या जाकिटावर भागते, त्यामुळे पिशवी उघडली ती पहिला बर्फ पडल्यावर. जॅकेट फुगले नाही. बराच काळ दाबून ठेवलेले डाउन ड्रायरमध्ये टेनिसच्या चेंडूंबरोबर कमी उष्णतेवर फिरवले की मोकळे होते, असे तिला मैत्रिणीने सांगितले, आणि ते खरेही आहे. पण या जॅकेटमधील भराव गोळा होऊन खाली उतरला आणि खांद्यांवर नुसते दोन पदरी कापड उरले. अस्तराची शिवण उसवल्यावर आतून पॉलिस्टरचा कापूस निघाला. त्याची चिमूट सिंकवर धरून जाळली, तेव्हा ती वितळून तिचा कडक मणी झाला. पीस किंवा लोकर जळली तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. थर्मलचा धागाही तसाच वितळला. बुटांचे तळवे थंडीत प्लास्टिकसारखे ताठ झाले आणि बर्फावर घसरू लागले, म्हणून ते तिने पहिल्या आठवड्यातच बाजूला ठेवले.

तोपर्यंत विक्रेत्याचा फोन बंद झाला होता. हॉलच्या मालकाकडे त्याचे केवळ नाव आणि भाड्याची नोंद होती, आणि पावतीवरील जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासला तेव्हा तो निघालाच नाही. ही तपासणी हॉलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर होते. महाराष्ट्रात नोंदलेल्या व्यापाऱ्याचा पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक २७ ने सुरू होतो, आणि तो टाकताच दुकानाचे नाव दिसते.

ही फसवणूक मालापेक्षा मुदतीवर उभी आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, बिलावर वेगळी मुदत नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिल न देणे हीसुद्धा. जुलैत विकलेला माल नोव्हेंबरात आणि तोही दुसऱ्या खंडात उघडला जाणार असेल, तर हे ३० दिवस विक्रेत्याला कधी आडवे येतच नाहीत. म्हणून बंद पिशवीतील कोणतीही वस्तू घरी न्यायच्या आधी त्याच टेबलावर उघडून घ्यावी, हवा काढण्याचे काम घरी करावे (त्या पिशव्या बाजारात सुट्या मिळतात), आणि पक्के बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जाड जॅकेट आणि बूट तर तिकडेच घ्यावेत, असे मुलीचे म्हणणे आहे. तिने विनिपेगमधील जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलेले जॅकेट आमच्या खरेदीच्या निम्म्याहून कमी पैशांत पडले आणि त्यावर तिचा सगळा हिवाळा निघाला. इथून न्यायचेच असेल, तर मोजे, कानटोपी, हातमोजे असे हातात घेऊन पारखता येणारे कपडे न्यावेत.

तक्रारीचे मार्ग मात्र उशिरानेही खुले असतात. आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि त्यानंतर पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज दिला. ग्राहक आयोगात जाण्यास दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, आणि ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातही दावा दाखल करता येतो. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरील निमंत्रण, कच्ची पावती आणि उसवलेल्या जॅकेटची छायाचित्रे आम्ही अर्जाला जोडली आहेत. पैसे ज्या खात्यात गेले त्याच्या धारकाचा तपशील पोलिसांनी बँकेकडे मागवला असून उत्तर अजून आलेले नाही. त्याच प्रदर्शनात खरेदी केलेल्यांनी आपल्या पिशव्या आताच उघडाव्यात, आणि माल खोटा निघाल्यास आपला अर्ज स्वतंत्रपणे द्यावा.