व्हॉट्सॲप बिझनेस: साड्यांच्या घरगुती विक्रीसाठी कितपत उपयोगी?

घरून साड्या विकणाऱ्यांकडे चौकशांचा तोटा नसतो, 'भाव काय?' एवढे विचारून पुढे गप्प बसणाऱ्यांचे काय करायचे, ही खरी अडचण असते. भारतात जानेवारी 2018 मध्ये आलेले व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप त्यातल्या किती जणींना खरेदीपर्यंत आणते, एवढ्याच कसोटीवर मी ते पाहिले. माझी जाऊ इरकल, नारायणपेठ आणि खणाच्या साड्या घरून विकते आणि तिच्या ऑर्डरींचे काम मी पाहते.

ॲपमधला कॅटलॉग, म्हणजे मालाची फोटोंसह यादी, चांगला आहे, मात्र त्यात किंमत लिहिणे ऐच्छिक ठेवले आहे आणि अनेक विक्रेत्या नेमकी तीच गाळतात. किंमत, ब्लाउज पीस आहे की नाही आणि सुती की रेशमी, एवढे तिथेच लिहिले की उगाच विचारणाऱ्या आपोआप गळतात आणि ज्या विचारतात त्यांना खरोखर घ्यायचे असते. फोटो मात्र दिवसाउजेडी काढावा, कारण ट्यूबलाइटखालचा मोरपंखी घरी पोचेपर्यंत निळा होतो. 'फॉल-पिको करून मिळेल का?' यासारख्या रोजच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवता येतात. तिरपी रेघ (/) टाइप केली की ती समोर येतात.

माझ्या मते या ॲपची सर्वांत मोलाची सोय म्हणजे लेबले, म्हणजे प्रत्येक संवादाला लावता येणाऱ्या खुणा, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. 'पेमेंट बाकी' हे लेबल तयारच मिळते. त्याच्या जोडीला आम्ही 'भाव सांगितला' असे एक स्वतःचे केले. गिऱ्हाइकाला ही लेबले दिसत नाहीत. संध्याकाळी 'भाव सांगितला' या लेबलाखालचे संवाद उघडून 'ताई, ती जांभळी इरकल अजून आहे, बाजूला ठेवू का?' असे प्रत्येकीला नावानिशी एकदाच विचारले की बऱ्याच अडलेल्या ऑर्डरी सुटतात. सगळ्यांना एकच जाहिरात पाठवून हे साधत नाही. शिवाय ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच संदेश अनेकांना एकदम पाठवण्याच्या, एका यादीत 256 जणच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो संदेश पोचतच नाही.

उणिवा आहेतच. किती संदेश गेले, पोचले आणि वाचले गेले हे ॲप सांगते, पण किती चौकशांमागे किती साड्या विकल्या गेल्या हे सांगत नाही. तो हिशेब वहीतच ठेवावा लागतो. हातमागाची साडी एकच नग असते, त्यामुळे ती विकली गेली की कॅटलॉगमधून आठवणीने लपवावी लागते, नाहीतर दुसरी कोणी तिच्यावर मन बसवते आणि नकार ऐकून निघून जाते. कार्टमधून येते ती फक्त मागणीची यादी. कुरिअरचा खर्च आणि पत्ता पुन्हा विचारावाच लागतो.

रोज मोजक्याच चौकशा हाताळणाऱ्या आणि प्रत्येकीशी स्वतः बोलणाऱ्या विक्रेतीला मी हे ॲप बिनदिक्कत सुचवेन. माणसे ठेवून, साठा सांभाळून विक्री करणाऱ्या दुकानाला ते लवकरच अपुरे पडेल. सुरू करताना घरच्या व्हॉट्सॲपचा नंबर न वापरता वेगळा घ्यावा. लँडलाइनचा नंबरही चालतो, त्याची खातरजमा फोन कॉलवर होते.