पेडल स्टीलचे सूर आणि पीटरसनचा स्ट्रोब ट्यूनर

पेडल स्टील गिटारचा सूर हलू लागला की दोष कानाचा, तारेचा की आतल्या यंत्रणेचा, हे ठरवणे सर्वांत कठीण असते. पुण्याच्या पेठांमध्ये तंबोऱ्याची जवारी काढणारे आणि हार्मोनियम जुळवून देणारे कारागीर भेटतात. पण तारांचे सूर चढवण्या-उतरवण्यासाठी पायाखाली पेडल आणि गुडघ्याने सरकवायच्या लिव्हर असलेल्या या वाद्याचा जाणकार येथे सहसा मिळत नाही, त्यामुळे निदान वादकालाच करावे लागते. पीटरसन कंपनीचा स्ट्रोबोप्लस एचडी हा ट्यूनर मला त्या निदानासाठी फार मोलाचा वाटला.

सूर चढा असेल तर पडद्यावरील पट्टे वर सरकतात, उतरला असेल तर खाली, आणि जुळला की स्थिर होतात. सेंट म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधील अंतराचा शंभरावा भाग; त्याच्याही दहाव्या भागापर्यंतची अचूकता असल्याचे कंपनी सांगते. याहून महत्त्वाची आहे ती पेडल स्टीलच्या ई९ ट्यूनिंगसाठी, म्हणजे तारा लावण्याच्या एका रूढ पद्धतीसाठी, दिलेली एसई९ ही मांडणी. ई९ ट्यूनिंगमध्ये तिसरी आणि सहावी तार जी शार्पची असते, म्हणजे ई हा षड्ज मानल्यास गंधाराची. समान विभागलेल्या सप्तकातला गंधार हा तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. म्हणूनच साध्या ट्यूनरचा काटा मधोमध असूनही ई मेजर कॉर्ड (एकत्र वाजवलेला स्वरसमूह) कानाला टोचते. एसई९ मध्ये असे फरक आधीच धरलेले आहेत. सी६ ही दुसरी ट्यूनिंग वाजवणाऱ्यांसाठी एससी६ आहे.

खरा उपयोग मात्र दोष शोधताना होतो. इतर तारांचे सूर चढवणारी ए आणि बी ही दोन पेडल एकत्र दाबली असता चौथ्या तारेचा ई बदलू नये. तरीही ती छेडल्यावर पट्टे हळूहळू खाली सरकताना दिसले, तर इतर तारांच्या वाढलेल्या ताणाने वाद्याचा सांगाडा किंचित वाकत आहे, असे समजावे. हा दोष थोड्याफार प्रमाणात बहुतेक वाद्यांत असतो आणि खुंट्या पिळून तो जात नाही.

सूर परत जागेवर येतो की नाही, ही तपासणी अधिक बोलकी आहे. हीच चौथी तार एका लिव्हरने एफपर्यंत चढवून सोडली आणि ई थोडा उतरलेला राहिला, तर खुंट्यांकडील रोलर (तार ज्यावरून सरकते ते छोटे चाक) अडकत असण्याची शक्यता मोठी. चढाच राहिला, तर चेंजरमधले (दुसऱ्या टोकाला तार ओढणाऱ्या यंत्रणेतले) धातूचे बोट पूर्ण मागे येत नाही, आणि याचे कारण बहुधा ते ओढणाऱ्या सळईच्या टोकाचा नायलॉनचा नट गरजेपेक्षा जास्त आवळलेला असणे हे असते. तो नट सैल करून आधी मोकळी तार खुंटीवर लावावी आणि मगच लिव्हरचा स्वर नटाने जुळवावा. दुसऱ्या लिव्हरने तार डी शार्पपर्यंत उतरवून सोडल्यावर चिन्हे उलटतात: अडकलेला रोलर ई चढा ठेवतो, तर परतीची स्प्रिंग कमजोर असेल तर ई उतरलेला राहतो. हे फरक दोन-तीन सेंटचे असतात. एकट्या तारेवर कानाला ते निसटतात, कॉर्डमध्ये मात्र खटकतात, आणि या ट्यूनरवर ते स्पष्ट दिसतात. पुण्याच्या पावसाळ्यात दमट हवेने तारा आणि रोलर लवकर गंजतात, म्हणून त्या महिन्यांत ही तपासणी अधिक वेळा करावी. रोलर स्वच्छ करून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब पुरतो.

ट्यूनरमध्ये मायक्रोफोन आहे, तसेच गिटारची वायर थेट जोडण्याचीही सोय आहे. पेडल स्टीलसाठी वायरच वापरावी, आणि ट्यूनर व्हॉल्यूम पेडलच्या आधी जोडावा, म्हणजे आवाज पूर्ण बंद ठेवूनही तारा जुळवता येतात. गणेशोत्सवाआधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू असताना त्या परिसरातल्या घरात मायक्रोफोनवर विसंबून तार लावणे अशक्य असते; वायर जोडली की पट्टे फक्त आपल्याच तारेचे ऐकतात.