टेव्हारचा अनुभव: बाबांची महाधमनी फुटली त्या रात्रीपासून पुढे

हा रिव्ह्यू लिहायला दीड वर्ष गेलं. तेव्हाच लिहिलं असतं तर नुसते आभार मानले असते आणि कुणाला काही उपयोग झाला नसता. ज्यांच्या घरी छातीतल्या अ‍ॅन्युरिझमचा, म्हणजे महाधमनीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) आलेल्या फुग्याचा पेशंट आहे त्यांच्यासाठी लिहितेय. टेव्हार म्हणजे छाती न उघडता त्यावर केलेलं ऑपरेशन.

बाबांना रात्री एकदम पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध कळ आली, कुणीतरी आतून फाडतंय म्हणाले, आणि घामाने चिंब. पहिल्या ठिकाणी हार्ट अटॅक धरूनच चालले होते, रक्त पातळ करायचं औषध द्यायची तयारी पण झालेली, पण ईसीजीत काही दिसेना म्हणून एका ज्युनिअर डॉक्टरने सीटी अँजिओचा (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनचा) हट्ट धरला आणि त्या हट्टाने बाबा वाचले. छातीतली महाधमनी ७ सेंटीमीटर फुगलेली (एरवी अडीचच्या आसपास असते), फुटलेली, आणि डाव्या फुफ्फुसाभोवती रक्त साठलेलं. सहा महिने बाबांचा आवाज बसला होता आणि आम्ही घशाच्या गोळ्या देत होतो. फुगा वाढला की स्वरयंत्राची डावी नस दाबली जाते हे नंतर कळलं. कुणाचा आवाज असा महिनोन्महिने घोगरा असेल तर छातीची तपासणी करून घ्याच, हात जोडून सांगते.

ज्या टीमने ऑपरेशन केलं त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. सर्जननी दोन मिनिटांत कागदावर चित्र काढून समजावलं. एक तर छाती उघडून तो भाग कापून कृत्रिम नळी शिवायची, नाहीतर टेव्हार, म्हणजे जांघेतल्या रक्तवाहिनीतून घडी घातलेला स्टेंट ग्राफ्ट वर सरकवायचा आणि जागेवर उघडायचा. निटिनॉल धातूची जाळी, त्यावर कापड, आणि फुग्याच्या दोन्ही बाजूंना साधारण २ सेंटीमीटर तरी धड भिंत हवी म्हणजे पकड बसते. बाबांची वरची पकड डाव्या हाताला रक्त नेणाऱ्या फाट्यावरच येत होती, तो फाटा झाकला जाणार हे त्यांनी सहीच्या आधी स्पष्ट सांगितलं, पायातली ताकद जाऊ शकते हेही सांगितलं कारण मणक्याच्या रज्जूला रक्त देणाऱ्या बारीक फांद्या पण झाकल्या जातात. ऐकून माझे पाय लटपटले पण खरं बोलले याचं बरं वाटलं.

हे तंत्र तसं अलीकडचंच आहे. १९८७ मध्ये खार्किवला निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत असा ग्राफ्ट बसवला आणि १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या मायकेल डेक यांच्या टीमने १३ पेशंटचा अनुभव छापला.

आम्ही सगळ्यात जास्त गोंधळलो ते बीपीवरून. ऑपरेशनच्या आधी बाबांचं वरचं बीपी ८०-९० होतं आणि कुणी ते वाढवेना, मी आरडाओरडा केला, तर भूलतज्ज्ञ शांतपणे म्हणाल्या, "ताई, ते शुद्धीवर आहेत, बोलतायत, एवढं पुरे. आत्ता वाढवलं तर रक्तस्राव वाढेल." आणि ग्राफ्ट बसल्यावर नेमकं उलटं, औषध लावून बीपी मुद्दाम चढवून ठेवलं, कमरेतून मणक्याचं पाणी काढायची बारीक नळीही लावली, का तर रज्जूला रक्त पोचावं. डाव्या हाताला पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'या हातावर बीपी घेऊ नये', कारण फाटा झाकल्यामुळे तिथे आकडा खोटा कमी येतो. रात्रपाळीच्या सिस्टर दर तासाला यायच्या, "काका, पायाचा अंगठा हलवा बघू, आता दुसरा." बाबा झोपेतच हलवायचे आणि आम्ही काचेतून ते दोन अंगठे बघत उभे. छातीतलं रक्त ग्राफ्टने जात नाही, त्याला वेगळी नळी घालावी लागली आणि खरं दुखणं तिचंच जास्त होतं. जांघेत मात्र छोटीशीच जखम.

एक स्टार कापतेय तो डिस्चार्जसाठी. कागदावर 'टेव्हार केले, प्रकृती स्थिर' आणि गोळ्यांची यादी, बस. ग्राफ्टची साइज नाही, कंपनी नाही, पुढचा सीटी कधी तेही नाही. फुगा काढून टाकलेला नसतो, तो आतच असतो आणि ग्राफ्टच्या कडेने किंवा एखाद्या फांदीतून त्यात परत रक्त शिरू शकतं, त्याला एंडोलीक म्हणतात. सहसा एका महिन्याने, मग वर्षाने आणि पुढे दरवर्षी स्कॅन लागतो. आम्हाला हे ओळखीच्या रेडिओलॉजिस्टने सांगितलं म्हणून धावतपळत पहिला केला. इतकी जीव तोडून मेहनत घेणाऱ्या टीमकडून एवढी गोष्ट सुटावी याचं मला खूप वाईट वाटतं. डिस्चार्जला ग्राफ्टचं कार्ड आणि स्कॅनची तारीख हातात पडल्याशिवाय निघू नका, आणि बीपीची गोळी एक दिवसही चुकवू देऊ नका.

बाबांचा वर्षाचा स्कॅन झाला, लीक नाही आणि फुगा ५ मिलिमीटरने आकसलाय. पुढची तारीख यावेळी आईने समोर बसून लिहून घेतली.